अनफिट

"...मग सांगा ना सर, फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन केल्यावर ज्याचा एकही पेशंट दगावला नाही, असा दुसरा सर्जन कोण आहे?"

डॉ. अभिराम तळवलकर हे विचारायलाच पुण्याहून वाईला आले होते. उत्तर त्यांनी सोबतच आणलं होतं.

त्यांचे गुरू डॉ. केळुसकर. सुरी कधीच खाली ठेवलेली. ओसरीवर बसून शेंगा सोलत होते.

"शाबास," ते म्हणाले.

एवढ्यावर कुणाचं भागतं? शिष्य सांगतच राहिला. आजार किती पसरलाय ते मी आधी नीट बघतो. आजूबाजूच्या गाठी एकूण एक काढतो. बिडी सुटल्याशिवाय तर हातच लावत नाही.

"आणि श्वास कमी पडत असेल तर?"

"जिना चढवतो. धाप लागून मध्येच बसला, तर अनफिट. परत पाठवतो."

"कुठे?"

"...घरी."

"मग तो गेला, तर कुणाचा पेशंट?"

शिष्याचा चेहरा उतरला. "म्हणजे सर, झेपणार नाही त्यालाही टेबलावर घेऊ? मारू?"

"छे! परत पाठवलंस ते बरोबरच केलंस."

तेवढ्यात फाटकातून एक उंच, काळासावळा माणूस आत आला. घामाघूम, पण ताठ.

"रामराम डॉक्टरसायब. मी श्रीपती लोहार. वळखलं न्हाई? तुमीच मला माघारी लावलं हुतं. जिन्यात मधीच बसलो हुतो बगा."

अभिरामला आठवेना.

"आता खंडोबाच्या टेकडीवर जाऊन आलो. कुठं टेकलो न्हाई!" त्यानं छाती पुढे काढली. गाठ त्याच छातीत होती.

"बिडी?"

"सुटली. ह्ये मोठं डॉक्टर रोज माझ्या तोंडाचा वास घेत्यात. बायकोनं बी कदी घेतला न्हाई."

केळुसकर खुदकन हसले. "श्वासाचे व्यायामही करतो. परवा फोटो काढला, गाठ आहे तिथंच आहे. पण फार दिवस थांबणार नाही."

अभिरामनं स्टेथोस्कोप काढला. पाठीला लावला, छातीला लावला, पुन्हा पाठीला लावला. आता याला अनफिट म्हणता येणार नाही, हे त्याला कळलं.

"धोका आहेच सर. काठावरची केस आहे. आणि आजवर माझा एकही..."

पुढचं त्यानं गिळलं.

"म्हून तर तुमच्याकडंच करायचं म्हंतोय," श्रीपती म्हणाला. "तुमच्या हातनं कोन जात न्हाई म्हनं."

अभिरामनं स्टेथोस्कोप गुंडाळून खिशात टाकला.

केळुसकरांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. उठले, श्रीपतीचा हात धरला आणि शिष्याच्या हातात दिला.

"याचा दम मी बघितलाय," ते म्हणाले. "आता तुझा बघायचाय."