ओ न देणारा डोंगर

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून मालक नव्हते त्या काळात, एका काळ्या डोंगराच्या पोटात बुटक्यांची वस्ती होती. उंचीला ते माणसाच्या कमरेएवढे, दाढ्या गुडघ्यापर्यंत आणि हट्ट मात्र डोंगराएवढा. पिढ्यानपिढ्या त्यांनी तो डोंगर आतून कोरत नेला होता. त्यात मोठाली दालनं होती, जिने होते, धान्याची कोठारं होती, आणि म्हाताऱ्यांना ऊन खाता यावं म्हणून पूर्वेच्या अंगाला खिडक्याही होत्या.

रोज सकाळी घरातलं कुणीतरी उंबऱ्याशी उभं राहून भिंतीवर घणाचा एक ठोका मारी आणि विचारी, "डोंगरा, आहेस ना?" की डोंगर घुमायचा. तो नाद जिन्यांवरून खाली खाली जात राहायचा. चुलीशी बसलेल्या बायका म्हणायच्या, "दिली रे बाबा ओ. आता लागा कामाला." मग दिवस सुरू व्हायचा.

एका वर्षी डोंगराच्या तळातून आग वर चढू लागली. आधी कोठारं गेली, मग दालनं. बुटक्यांनी भिंती घातल्या, पाणी ओतलं, नवस बोलले, पण आग कुणाचं ऐकत नाही. शेवटी हाताला लागेल ते गाड्यांवर टाकून सगळे बाहेर पडले. मागे वळून पाहायचं नाही असं ठरलं होतं. पाहिलं सगळ्यांनीच.

तेव्हापासून ते नवा डोंगर शोधत होते. डोंगरांना काही तोटा नव्हता. पण बुटक्यांचा एक नियम होता. डोंगरात घर करायचं तर आधी त्याला विचारायचं, आणि त्यानं ओ दिल्याशिवाय छिन्नी लावायची नाही. न विचारता कोरलेला डोंगर एक दिवस अंगावर येतो, असं वाडवडील सांगत आले होते. हे विचारायचं आणि कान लावून ओ ऐकायचं काम एका म्हातारीकडे होतं. तिच्या घराण्याला तो मान होता, म्हणून तिला सगळे कानकरीण म्हणत. मान जुना होता, पण तिला, तिच्या आईला किंवा आजीला नव्या डोंगराला विचारायची वेळच कधी आली नव्हती. आपला डोंगर असताना दुसऱ्याच्या दारात कोण जातं?

आता मात्र ती दारोदार हिंडत होती. डोंगर दिसला की गाड्या थांबायच्या. म्हातारी डोईवरचं फडकं सोडायची, घणाचा एक ठोका मारायची आणि कातळाला कान लावून डोळे मिटायची. प्रत्येक डोंगर एकच सांगायचा, बद्द. नाद नाही, घुमणं नाही. म्हातारी कान पुसून म्हणायची, "नाही दिली." मग सगळे पुन्हा स्वतःला गाड्यांना जुंपायचे.

वाटेतली गावं विहिरीवर पाणी भरू देत, पण गाड्या सोडू देत नसत. दोष तरी कुणाला द्यायचा? अंगणात अख्खी जमात येऊन बसलेली कुणाला आवडते? बुटके पाणी भरत, हात जोडत आणि पुढे निघत. त्यांची कामाची गाणी बंद झाली होती. गाण्यालाही दम लागतो, आणि तो गाडी ओढण्यातच संपत होता.

असे ते एका ठेंगण्या, राखाडी डोंगराशी आले. डोंगर दिसायला अगदीच सामान्य होता. वर खुरटी झुडपं, पायथ्याला एक ओढा. थंडी सुरू व्हायच्या बेतात होती.

म्हातारीनं फडकं सोडलं, घण उचलला. "डोंगरा, आहेस का?"

बद्द.

ती बराच वेळ कान लावून उभी राहिली. जमातीचा म्होरक्या तिच्याजवळ आला. हा माणूस एके काळी इतक्या जोरात हसायचा की दालनातले दिवे हलत. आता त्याच्या दाढीत वाटेची धूळ बसली होती आणि ती झटकायचंही त्यानं सोडून दिलं होतं.

"काकू," तो हळूच म्हणाला, "एकदा म्हण ना, दिली म्हणून."

"नाही दिली रे."

"मला कळलं ते. तू नुसतं म्हण. लोक थकलेत. तुझ्या शब्दावर बसतील इथं."

म्हातारीला ते फार मोहाचं वाटलं. तिचेही गुडघे कधीचे बोलत होते, आणि ते ऐकायला कान लावावा लागत नव्हता. पण ती म्हणाली, "आणि उद्या डोंगर पोराबाळांच्या अंगावर आला, म्हणजे? माझ्या जिभेनं एवढी माणसं मारू?"

म्होरक्यानं मागे वळून हात केला. त्याचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. जुंपा.

पण एक गाडी हलली नाही. ती म्हातारीच्याच मुलाची होती. म्हातारीची सून गाडीवरून उतरली होती आणि कातळाला पाठ लावून खाली बसली होती. तिचे दिवस भरत आले होते. शेजारी पिठाचा तांब्याचा हंडा होता. तिनं तो तळापर्यंत खरवडला, उरलेलं चिमूटभर पीठ काढलं आणि हंडा बाजूला ठेवताना तो दगडाला लागला. ठण्ण आवाज झाला.

"हंडा बरा वाजायला लागलाय," ती म्हणाली. "घरून निघालो तेव्हा मुका होता."

"ऊठ बाई," म्हातारी म्हणाली. "पुढच्या डोंगराशी बघू."

"मी नाही येत, आत्याबाई."

ती हे भांडून म्हणाली नाही. भांडायला लागणारी ताकदही तिच्याकडे नव्हती.

"मागच्या थंडीत तुम्ही हेच म्हणाला होता. पुढच्या डोंगराशी बघू. माझं पहिलं लेकरू गाडीखाली झालं. वारा चारी बाजूंनी येत होता. त्याला नाव ठेवायच्या आत ते गेलं, आणि आपण त्याला तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी ठेवून पुढे निघालो. आता मला डोंगराची ओ नको. मला तीन बाजूंना भिंत पाहिजे आणि वर छत पाहिजे. तुम्ही सगळे पुढे व्हा."

मुलगा बायकोकडे पाही, मग आईकडे पाही. म्होरक्या जमिनीकडे बघत राहिला.

म्हातारीपुढे मोठाच पेच पडला. तिनं आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगणार नव्हती. डोंगरानं ओ दिली नव्हती हे खरं होतं. सून उठणार नाही हेही तितकंच खरं होतं. ती थोडा वेळ घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. मग कातळाकडे वळून म्हणाली, "डोंगरा, तू हो म्हणाला नाहीस, ते मी ऐकलं. तरी मी तुला कोरणार आहे. अंगावर यायचं झालं तर माझ्या एकटीच्या ये. हिला सोड."

आणि तिनं छिन्नी लावली.

पहिल्या घावाला सगळ्या जमातीनं श्वास रोखला. डोंगर काही पडला नाही. दगडाचा एक कपचा तेवढा निघाला. म्हातारीचा दुसरा घाव चुकला, तिसरा तिच्याच अंगठ्यावर बसला. तेव्हा मुलानं पुढे होऊन तिच्या हातातला घण घेतला. थोड्या वेळानं म्होरक्याही दाढी कमरेला खोचून आला.

"पोर होईपर्यंतच," तो पुटपुटला. "मग निघायचं."

"निघू," म्हातारी म्हणाली.

दिवसामागून दिवस ते आळीपाळीनं कोरत राहिले. उत्साह कुणालाच नव्हता. पण हात जुने होते आणि हातांना विसरता येत नाही. कुठे पहार घालायची, कुठला दगड हलवायचा नाही, छताला कमान कशी द्यायची, हे सगळं त्यांना न आठवताही येत होतं. गाणं कुणी म्हटलं नाही. एक म्हातारा ठोक्यागणिक नुसता हं, हं करत होता, तेवढंच. हळूहळू डोंगरात एका खोलीएवढी पोकळी झाली. बायकांनी तिथं वाळलेलं गवत अंथरलं, कोपऱ्यात शेगडी ठेवली आणि सुनेला आत नेलं.

दुपारी पुरुष बाहेर ओढ्याकाठी बसले होते. आतून रडण्याचा आवाज आला. सगळे उठून उभे राहिले. पाठोपाठ दुसरा आवाज आला, जरा खोल, जरा लांबून. म्होरक्या पोकळीच्या तोंडाशी येऊन ओरडला, "काय गं, जुळं झालं काय?"

आतून म्हातारी म्हणाली, "नाही. एकच आहे. मुलगी."

"मग दुसरं कोण रडतंय?"

बाळ पुन्हा रडलं. आवाज कमानीला लागला, मागच्या भिंतीशी गेला आणि परत आला. म्हातारीनं बाळाला आईच्या कुशीत दिलं, घण उचलला आणि भिंतीवर बेतानं एक ठोका मारला. भिंत घुमली. फार नाही, थोडीच. पण घुमली.

म्हातारी मटकन खाली बसली. तिला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तो हंडा द्या इकडे," ती म्हणाली.

म्होरक्यानं आत येऊन हंडा दिला. तिनं त्यावर बोटानं टिचकी मारली. ठण्ण.

"घरून निघालो तेव्हा हा का वाजत नव्हता?"

"तेव्हा पीठ होतं त्यात," म्होरक्या म्हणाला. "भरला हंडा कसा वाजेल?"

"आणि आपला काळा डोंगर?"

म्होरक्या विचार करू लागला. बुटके सावकाश विचार करतात, पण एकदा केला की तळापर्यंत जातात. "आपला डोंगर आतून रिकामा होता," तो शेवटी म्हणाला.

"कुणी केला होता रिकामा?"

म्होरक्या आपल्या हातांकडे बघत राहिला. हातांवर राखाडी दगडाची पूड होती.

"आपला मूळ पुरुष त्या डोंगराशी आला," म्हातारी म्हणाली, "तेव्हा आत काही नव्हतं. ना दालन, ना जिना. त्यानं पहिला ठोका मारला तेव्हा त्याला काय ऐकू आलं असेल?"

"बद्द," म्होरक्या म्हणाला.

"तरी तो राहिला. कसा काय राहिला असेल रे?"

गवतावरून सून म्हणाली, "दमला असेल."

मग म्होरक्या हसला. जुन्यासारखा नाही, दिवे हलतील असा नाही, पण हसला. हसताहसता त्याचे डोळे भरून आले, कारण मागे सोडलेले सगळे डोंगर त्याला आठवले. त्यांतल्या कुठल्याही एकाच्या पायथ्याशी थांबलं असतं तरी चाललं असतं.

म्हातारीला त्यांतला एकच डोंगर आठवत होता. ती सुनेजवळ सरकली. "बाई," ती म्हणाली, "मी खोटं नाही बोलले. पण माझ्या कानापायी तुझं पहिलं गेलं."

सुनेनं तिच्याकडे पाहिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. असल्या गोष्टी एका दुपारी माफ होत नाहीत. तिनं फक्त बाळाला जरा बाजूला घेतलं आणि गवतावर सासूपुरती जागा केली. "पडा थोडं," ती म्हणाली. "तुम्हीही दमलाय."

गाड्या पुन्हा जुंपल्या गेल्या नाहीत. त्यांच्या लाकडाची दारं झाली. खोलीला खोली लागली, जिना खाली उतरला, कोठार झालं, आणि यथावकाश हंडाही वाजायचा थांबला. नियमही बदलला. आता बुटके आधी कोरतात, राहतात, चूल पेटवतात आणि मग विचारतात. ती मुलगी उभी राहायला लागली तसा सकाळचा ठोका तिच्याकडे आला. "डोंगरा, आहेस ना?" ती विचारते. काळ्या डोंगराचा तो मोठा नाद काही तिला मिळत नाही, पण दर वर्षी आवाज थोडा खोल जातो.

या डोंगरातली पहिली खिडकी पूर्वेला नाही. ती सुनेनं सांगितली त्या बाजूला काढली आहे. तिकडून ऊन येत नाही. तिकडे ती मागची वाट दिसते आणि हवा स्वच्छ असली तर दूरवर, ओ न ऐकताच कोरला असता तर बरं झालं असतं असा, पहिल्या लेकराचा तो डोंगर दिसतो. म्हातारी शेवटपर्यंत त्याच खिडकीशी बसत असे.

तात्पर्य: गेलेल्या घराचा आवाज नव्या जागेत शोधत हिंडू नये. जागा आधी ओ देत नाही. आपण तिथे राहायला लागलो, म्हणजे ती बोलायला शिकते.