तिसरा चिंचोका

“...मग शून्य म्हणजे मेला, की शून्य म्हणजे नुसता मरायला टेकला? एवढंच सांगा, सर.”

दस्तगीर सर ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. मान वर न करता म्हणाले, “आधी चप्पल तरी काढ.”

कैवल्यनं चप्पल काढली. खांद्यावरची जड पिशवी खाली ठेवली. सरांनी पाणी विचारलं, तर नको म्हणाला.

मिरजेत हा खेळ आणला तो दस्तगीर सरांनी. तेव्हा ते हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसायची. कुणी योद्धा व्हायचं, कुणी मांत्रिक, कुणी चोर. सूत्रधार सांगायचा, “समोर भुयार आहे, आतून कसलासा वास येतोय.” मग आपापल्या गड्यानं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि शेवटचा शब्द फाशाचा. वीस बाजूंचा फासा त्या काळी मिरजेत कुठून मिळणार? सरांनी वीस चिंचोक्यांवर आकडे घातले आणि डब्यात टाकले. हात घालायचा, एक काढायचा, बघून परत टाकायचा.

ते टेबल मोडून आता बरीच वर्षं झाली होती. काही गडी पुण्याला गेले, काही वर गेले.

कैवल्य सांगलीचा. नोकरीनं इंजिनियर, आणि स्वतःच्या टेबलाचा सूत्रधार. नियमांच्या बाबतीत नाकानं कांदे सोलायचा. काही वर्षांपूर्वी तो याच ओट्यावरून खेळाच्या पहिल्या आवृत्तीचं पुस्तक घेऊन गेला होता. तेव्हा सर म्हणाले होते, “ने की. पण अधूनमधून येत जा. आम्ही कसं खेळायचो ते सांगतो.”

“पुस्तकात आहे ना सगळं, सर?” असं म्हणून जो गेला, तो आज उगवला होता.

त्यानं पिशवी उघडली. जुनी आवृत्ती म्हणजे पिना मारलेलं पातळ चोपडं, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. नवी म्हणजे तीन रंगीत ठोकळे. एकेक पाट्याएवढा जड.

“जुन्यात मांत्रिकाला एकच मंत्र. म्हटला की विसरला. मग दिवसभर काठी धरून सगळ्यांच्या मागं उभा. नव्यात तो उठल्यापासून झोपेपर्यंत ठिणग्या फेकतो.”

“हं.”

“जुन्यात मशाल विझली की विझली. नव्यात निम्म्या लोकांना अंधारात दिसतं.”

“बरं आहे की. मला उजेडात दिसत नाही.”

एरवी कैवल्य हसला असता. आज त्याचा चेहरा हलला नाही. तो घाईघाईनं बोलत होता, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. थांबलो तर कुणीतरी दुसरंच काही विचारेल अशी त्याला भीती वाटत होती.

“जुनी आवृत्ती कठोर आहे, पण खरी आहे. नवी नुसते लाड करते. हे मी सगळ्यांना सांगत आलोय. माझ्या टेबलावर मी जुनीच चालवतो. ...चालवत होतो.”

“होतास?”



सरांनी एक चिंच मोडली. गर एका ताटात, चिंचोका दुसऱ्या. “कोण मेलं तुझ्या टेबलावर?”

“चोर.”

“कशानं?”

“पेटीच्या कुलपात विषारी सुई होती. जुन्या नियमानं विष चढलं की जीवाचा आकडा थेट शून्य, आणि शून्य म्हणजे मेला. नव्या नियमानं शून्यावर माणूस फक्त पडतो. मग तीनदा फासा. दहा किंवा वर आलं तर श्वास चालू, खाली आलं तर बंद होत चालला. तिनात दोनदा तरला तर जगला.” त्यानं श्वास घेतला. “मी जुन्या नियमानं गेलो.”

“ते पान फाटलं होतं. मीच चिकटवलंय ते.”

“माहीत आहे.”

“चोर कुणाचा होता?”

“श्रेणिकचा.”

श्रेणिक जयसिंगपूरचा, कैवल्यचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याच्या चोराचं नाव लंगडा भुंगा. घरचे संस्कार जैन, ते खेळातही सुटेनात. इतकी वर्षं खेळून त्या चोरानं जगातली सगळी कुलपं उघडली, पण एक मुंगीही मारली नाही. राक्षस दात विचकत पुढं आला तरी श्रेणिकचं आपलं एकच, “आधी याच्याशी बोलून बघायचं का?” बाकीचे कपाळाला हात लावायचे.

हे ऐकून सर मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी असं हसले असावेत, कारण शेवटी त्यांना ठसका लागला. “असला चोर आमच्याकडं पायजे होता! घेऊन ये त्याला. मला बघायचाय.”

“...येणार नाही, सर.”

“रुसला व्हय?”

“नाही.”

समोरच्या गल्लीत कुणीतरी नव्या सतारीच्या तारा लावत होतं. एकच सूर पुन्हा पुन्हा छेडत होतं, अजून लागत नव्हता.

“दिवाळीनंतरचा शनिवार होता,” कैवल्य म्हणाला. “सुई टोचली. मी म्हटलं, भुंगा मेला. सगळे ओरडले. श्रेणिक म्हणाला, आता मी काय करू? मी म्हटलं, काय करणार, घरी जा. आमचं अजून दोन-तीन तास चालेल.”



“तो म्हणाला, थांबतो की थोडा, बघतो तुमचं काय होतंय. आणि मी... मी आपलं सूत्रधाराच्या आवाजात म्हटलं, मेलेल्यांचं इथं काम नाही. सगळे हसले. तोही हसला, सर. खरंच हसला. हेल्मेट घेतलं आणि निघाला.”

“मग?”

“जयसिंगपूरच्या रस्त्यावर, अंकलीच्या पुढं, उसाची ट्रॉली होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, काही नाही.”

सरांच्या हातातली चिंच तशीच राहिली.

“आम्ही खेळत होतो, सर. तो तिथं पडला होता आणि आम्ही पुढच्या दालनात कोण आधी जाणार यावर भांडत होतो.”

आता तो थांबेना. “नवी आवृत्ती असती तर तीनदा फासा टाकावा लागला असता. तोवर तो खुर्चीत असता. वाचला असता तर शेवटपर्यंत असता. ट्रॉली तोवर कारखान्यावर पोचली असती. सगळे म्हणतात, तुझा काय दोष. त्याची आईसुद्धा म्हणाली. तिनं मला समोर बसवून जेवायला घातलं, सर. वर म्हणाली, तुम्ही पोरं खेळत राहा, त्याला आवडायचं.”

त्यानं ते चोपडं उचललं. “जुनी बरोबर असेल, तर मी नियमानं वागलो. नवी बरोबर असेल, तर... म्हणून विचारतोय. तुम्ही दोन्ही वाचल्यात. तुम्ही म्हणाल ते मी मानेन.”

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, ते असं. काळजाला लागलेली आग घेऊन माणूस नियमांची पुस्तकं चाळत बसला होता. पण त्याला हसावं तरी कुणी? आपण प्रत्येकजण घरात कुठलं तरी असलं पुस्तक जपून ठेवतो.

सर गुडघ्यावर हात टेकून उठले. आत गेले. आले तेव्हा हातात झाकण चेपलेला पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो कैवल्यसमोर ठेवला.

“नव्या नियमानं खेळूया.”

“म्हणजे?”

“श्रेणिकचा चोर शून्यावर पडलाय. तीनदा हात घाल. काढ त्याच्यासाठी.”

“सर, आता काढून काय...”

“तुला निकाल पायजे ना? काढ.”

कैवल्यनं हात घातला. आकडे पुसट झाले होते, पण वाचता येत होते. चौदा.

“श्वास चालू,” सर म्हणाले. “टाक परत. काढ.”

दुसरा निघाला सहा.

“एक इकडं, एक तिकडं. आता शेवटचा.”

कैवल्यनं डबा हलवला. बराच वेळ हलवला. मग हात घातला, एक चिंचोका पकडला, मूठ बाहेर काढली.

“उघडू नकोस,” सर म्हणाले.

मूठ तशीच राहिली.

“काय निघावं असं वाटतंय तुला?”

“काय म्हणजे? वरचा. दहा किंवा वर काहीही.”

“माझ्याकडं बघून सांग.”

कैवल्यनं वर पाहिलं. सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. दुसरा मात्र स्वच्छ होता, आणि तो त्याच्यावरून हलत नव्हता.

“वरचा, सर. वरचाच...”



कैवल्यनं मूठ दुसऱ्या हातानं घट्ट धरली.

“खालचा,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की त्याला स्वतःलाच नीट ऐकू आला नसेल. “खालचा निघावा. दोन निघावा, तीन निघावा. म्हणजे नव्या नियमानंही तो मेलाच असता. उठलाच असता. गेलाच असता. म्हणजे मग मी...”

पुढं त्याला बोलता आलं नाही. ठोकळ्यासारख्या त्या पुस्तकांवर डोकं टेकून तो रडला. ज्याच्या गाडीवर मागं बसून रोज फिरला, ज्याच्या डब्यातली चटणी पळवून खाल्ली, त्याच मित्राला वाचवायला त्यानं हात घातला होता, आणि मुठीत त्याचं मरण मागत बसला होता. हे कुणी त्याला सांगायची गरज नव्हती. ते त्याचं त्याला दिसलं, आणि जे दिसलं ते भयंकर होतं.

दुसरं कुणी असतं तर पाठीवरून हात फिरवला असता. होणारं टळत नाही वगैरे म्हणालं असतं. सरांनी तसं काही केलं नाही.

बऱ्याच वेळानं कैवल्यनं तोंड पुसलं. “बघू का? काय निघालंय?”

“बघून?”



सरांनी डबा पुढं सरकवला. कैवल्यनं मूठ डब्यात घातली आणि आतच उघडली. चिंचोका बाकीच्यांत पडला. तो कितीचा होता ते कुणालाच कळलं नाही, आणि आता कधी कळणारही नव्हतं.

“मग बरोबर कुठली, सर? जुनी की नवी?”

“पुस्तक मी दिलं तुला,” दस्तगीर सर म्हणाले. “फाटलेलं पान खळ लावून चिकटवून दिलं. मी कुणाकडं जाऊ विचारायला?”

हे त्यांनी रागानं विचारलं नाही. उत्तर मिळेल अशी आशाही त्यात नव्हती. दोघं मग नुसते बसून राहिले, एका मड्याच्या दोन बाजूंना बसावं तसे.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. गल्लीतली सतारही बंद झाली होती.

कैवल्यनं ते तीन ठोकळे पिशवीत भरले. जुनं चोपडं मात्र ओट्यावर ठेवलं, कडेला, अलगद. “हे तुमचं तुम्हाला. टेबल मोडलं माझं. बाकीचे फोन करतात, मी उचलत नाही. परत खेळणार नाही मी.”

सरांनी चोपड्याकडं पाहिलं, हात लावला नाही.

“ऑफिसात बसतो, घरी येतो, जेवतो. लोकांना वाटतं सावरला. आत काही नाही, सर. मी मेल्यातच जमा आहे.” त्यानं पिशवी खांद्याला लावली. “येतो.”

तो पायरी उतरला. एका पायात चप्पल घातली.

“कुठं चाललास?” मागून सरांचा आवाज आला. “आमच्या टेबलावर मेलेला गडी उठून जायचा नाही. सगळ्यांचा खेळ संपेस्तोवर त्यानं तिथंच बसायचं. मग सगळे मिळून उठायचो.”

कैवल्य जागच्या जागी थिजला. पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरला, तो त्यानं सावरला नाही. वळून त्यानं आधी ओट्यावरच्या चोपड्याकडं पाहिलं, मग सरांकडं.

“हे... हे पुस्तकात नाही, सर.”

“नाही,” दस्तगीर सर म्हणाले. “ये. बस खाली.”