मिशीनं नितळलेलं तेल

"तेलात धूळ! आमच्या मिशीच्या तेलात!" राजा गुमानसिंह असा गरजला, की दरबारातली कबुतरं उडाली.

धूळ म्हणावी तर पिठाहून बारीक. तळाशीही बसेना. पण राजा रोज तेलाच्या वाटीत तोंड बघे, आणि त्या गढूळ तेलात त्याची काळीभोर मिशी पांढरी दिसू लागली! त्या दिवसापासून त्यानं मिशीला तेलाचं बोट लावलं नव्हतं. वाळून तिची केरसुणी झाली होती.

समोर सटवाजी तेली हात जोडून उभा.

"आत्ताच्या आत्ता नितळ कर! फडक्यानं गाळायचं नाही, फडकं तेल पितं. तापवायचं नाही, वास उडतो. निवळत ठेवायचं नाही, आम्हाला दम नाही. जमलं नाही तर तुझा घाणा फोडून चुलीत घालीन!"

सटवाजीच्या तोंडचं पाणीच पळालं. घाणा गेला की खायचं काय? पण त्याची लेक सगुणी पुढं झाली. लाखेची बांगडी घोंगडीवर घासली की तिळाचं फोल टुणकन उडून तिला चिकटतं, हे तिनं घरी कितीदा पाहिलं होतं. पण दरबारात घोंगडी कुठली? तसलेच कोरडे, राठ केस हवे होते. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग नजर राजाच्या ओठावर थांबली.

"महाराज, जरा मिशी द्या."

"काय?"

"उपटून नको हो! आहे तिथंच असू द्या. प्रधानकाका, शिक्क्याच्या लाखेच्या कांड्या आणा मूठभर."

सगुणीनं कांडी मिशीवर खसाखसा घासली. राजा शिंकला. मिशीचा केस न् केस ताठ झाला, साळिंदरच जणू! प्रधानानं हसू दाबायला उपरणं तोंडात कोंबलं. तिनं कांडी तेलात बुडवली मात्र, धूळ धावत येऊन तिला बिलगली! मग दुसरी कांडी, मग तिसरी. होता होता वाटीच्या तळाची नक्षी दिसू लागली.

राजानं वाकून पाहिलं. मिशी काळीभोर!

"घाणा वाचला तुमचा. पण बक्षीस कसलं? सगळं काम आमच्या मिशीनं केलं. बक्षीस मिशीला!"

"चल गं पोरी," सटवाजीनं तिचा पदर ओढला.

सगुणी हलली नाही. "खरंय, महाराज. मिशीला तिचं द्याच. आमच्या घाण्याला दिवसभर बैल फिरतो, त्यालाही आम्ही पेंड देतो. पण तेल मात्र बैलाला फिरवणाऱ्याचं!"

राजानं डोळे वटारले, आणि एकदम खो खो हसत सुटला.

"द्या रे हिला तिळाची भरली गाडी, बैलजोडीसकट! आणि आमच्या मिशीला ओंजळभर पेंड!"