बंद घाण्याचं उत्तर

फार वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या एका गावात एलोजी राहत. जातीनं बेने इस्राएल यहुदी, धंद्यानं तेली. गावातल्या यहुदी घरांना हिब्रूतली 'शेमा' ही एकच प्रार्थना येई. बाकीचं पूर्वजच विसरून गेले होते. नातवंडांना तरी ते यावं म्हणून म्हाताऱ्या एलोजींनी नाना खटपटी करून बगदादचे एक हाखाम, म्हणजे धर्मगुरू, गावी आणले.

हाखाम विद्वान, पण भारी ताठ. ओटीवर मंडळी जमली, तेव्हा त्यांनी मुलांची परीक्षा घेतली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "ना ग्रंथ, ना प्रार्थना! देवाला विसरलेले लोक तुम्ही. तुम्हाला यहुदी म्हणायचं तरी कशावरून?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. दाराआडून ऐकणाऱ्या लाडूबाईला, एलोजींच्या सुनेला, राहवेना. ती पुढे आली.

"हाखामसाहेब, तुमच्याकडे ग्रंथ होते, आठवण करून द्यायला गुरू होते. आमच्याकडे कोणीच नव्हतं. तरी शनिवारी, देवानं नेमून दिलेल्या विश्रांतीच्या दिवशी, आमच्या घाण्याला बैल कधी जुंपला नाही. आता सांगा, आठवण कोणाची पक्की?"

ओटीवर हशा पिकला. हाखाम लालबुंद झाले आणि जेवायलाही न थांबता होडीत बसून निघून गेले.

लाडूबाईची पाठ थोपटून मंडळी पांगली. एलोजी मात्र खाडीकडे बघत बसून राहिले.

"माझं चुकलं का, मामंजी?"

"उत्तर चोख होतं, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "पण मला उत्तर नको होतं गं. पोरांना शिकवणारा हवा होता."