लोकरीचं पोतं आणि न्हाव्याचा वारस

"सभेतली जागा यापुढे बापाकडून लेकाला नाही, लायकीवर मिळेल!" चंदनपूरच्या राजा मार्तंडसेनाने हा ठराव तीनदा वरच्या सभेकडे धाडला आणि तीनदा तो परत आला. तिथे बसत सगळे वंशपरंपरेचे सरदार. निम्मे घोरत, उरलेले "परंपरा! परंपरा!" म्हणून ओरडत. सभापती हैबतराव तर लोकरीच्या पोत्यावर बसत. का? पणजोबा बसत म्हणून!

अशात सभेचा न्हावी वारला. त्याची लेक सगुणा बापाच्याच हाताखाली तयार झालेली, पण सरदार म्हणाले, "रीतीने काम पुतण्याचं." घरी आजारी आई, आणि वस्तऱ्यावरच चूल पेटायची. सगुणाने थेट राजाला गाठलं.

राजा आधीच वैतागलेला. म्हणाला, "माझा ठराव सरदारांच्याच तोंडून मंजूर करून आण. एकही रीत न मोडता! जमलं तर काम तुझं. नाहीतर पुन्हा दारात दिसू नकोस."

"जमलंच म्हणा, महाराज! उद्या तेवढं सभेला या. पुतण्याला मीच घेऊन येते."

सभेचं रोजचं पहिलं कामकाज म्हणजे सभापतींची दाढी. मग ओळीने बाकीच्यांची. सभापती पोत्यावर बसून जे बोलतील आणि सरदार "मान्य" म्हणतील, तो कायदा. दुसऱ्या दिवशी पुतण्या तुळाजी आला तो हातभर कातर घेऊनच!

"किती दाढ्या केल्यास रे आजवर?" हैबतरावांनी विचारलं.

"दाढी एक बी न्हाय, सरकार. मेंढरं भादरल्यात, दीड हजार! तुमच्या बुडाखालची लोकर माझ्याच हातची. चार-दोन कान गेलं, पण मेंढरांची तक्रार न्हाय!"

हैबतराव ताडकन उठू लागले.

"बसा, सरकार!" सगुणा म्हणाली. "दाढीआधी उठलात तर रीत मोडेल."

"अगं, पण याला येतं काय?"

"येण्याचं काय घेऊन बसलात? वारस आहे ना!"

कानाशी कातर कचकचली. हैबतराव किंचाळले, "थांब! ज्याला काम येतं त्यालाच ते मिळालं पाहिजे! मग तो कुणाचा का असेना!"

रांगेतल्या सरदारांनी आपापले कान चाचपले. "मान्य! मान्य!" घोरणारेसुद्धा जागे होऊन ओरडले, आणि कारकुनाने लगेच लिहून घेतलं.

हैबतरावांनी घाम पुसला. "पण हे न्हाव्यापुरतंच हं!"

"बरं, सरकार," सगुणा कारकुनाकडे वळली. "लिहा हो काका: दाढी करायला अक्कल लागते, राज्य चालवायला लागत नाही!"

राजा पोट धरधरून हसला. हैबतरावांनाही हसू आवरेना. "खोड ते! सगळ्यांनाच लागू म्हणून लिही." सरदार पुन्हा "मान्य!" म्हणाले आणि राजाचा ठराव मंजूर झाला.

राजाने सगुणाला चांदीच्या मुठीचा वस्तरा दिला आणि तुळाजीला शंभर मेंढरं. हैबतरावांनी पोत्यावर नीट बसून गाल पुढे केला.

"चालव बाई. पण आधी त्याला बाहेर काढ!"