घंगाळावरचं नाव

जुन्या वस्तूंचा बाजार धुंडाळायला मी सकाळच्या एसटीनं नदीकाठच्या सोनवड्याला गेलो होतो. तिथं गावातल्या म्हाताऱ्या अनसाक्कानं चष्मा करायचा म्हणून लग्नातलं तांब्याचं घंगाळ विकायला मांडलं होतं. तेवढ्यात मिशांना पीळ देत बापूसाहेब खानविलकर आले आणि त्यांनी घंगाळ उचललंच.

"यावर आमच्या वडिलांचं, आबासाहेबांचं नाव कोरलंय!"

अनसाक्का रडकुंडीला आली. "अहो, त्यांनीच आहेर केला होता मला."

"नाव ज्याचं, वस्तू त्याची!"

मी मान डोलावली. "अगदी बरोबर, साहेब! घाटावरच्या स्मशानातल्या शेडवरही आबासाहेबांचंच नाव येताना वाचलं मी. मग तिथं राहायला कधी जाताय?"

सगळा बाजार खिदळला. बापूसाहेबांनी घंगाळ हळूच खाली ठेवलं आणि घाटाची वाट सोडून लांबच्या रस्त्यानं घर गाठलं.