यदूमामाचं स्वस्त तिकीट

एका गावात एक भोळा मामा होता. नाव यदुनाथ, पण सगळा गाव त्याला यदूमामा म्हणायचा. पोरं म्हणायची, म्हातारे म्हणायचे, सरपंचांची बोळकी सासूसुद्धा म्हणायची. खरा भाचा मात्र एकच, आणि तो होता मस्कतला.

एके दिवशी मस्कतहून बहिणीचा, कुंदाचा, फोन आला.

“दादा, पोर आता वर्षाचं होईल. डोक्यावर नुसतं जंगल माजलंय. जावळ तुझ्याच मांडीवर काढायचं. कधी येतोस?”

“येतो की.”

“असं मोघम नको. इथं सासूबाई टपून बसल्यात. वाढदिवसापर्यंत मामा आला नाही, तर पोराला त्यांच्या भावाच्या मांडीवर बसवणार म्हणतायत. मग जन्मभर मला ऐकवतील, की तुझ्या माहेरात एक साधी मांडी मिळाली नाही.”

यदूमामानं आपल्या मांडीकडे बघितलं. चांगली होती. ती फक्त मस्कतला न्यायची होती.

त्यानं दोन शेळ्या विकल्या. पैसे कमरेला बांधले आणि तालुक्याला मोकाशीकाकांच्या दुकानात गेला. दुकानावर पाटी होती, ‘झेरॉक्स, लग्नपत्रिका, विमान तिकिटे, शुद्ध मध’. मोकाशीकाका स्वतः कधी विमानात बसले नव्हते. त्यामुळे त्यांना विमानाबद्दल सगळं ठाऊक होतं.

“काका, मस्कतचं तिकीट पाहिजे. स्वस्तातलं.”

“मग एक लक्षात ठेव,” काका म्हणाले. “जेवढं आधी घ्यावं तेवढं स्वस्त. आयत्या वेळी गेलास की मेलास.”

“जेवढं आधी तेवढं स्वस्त,” यदूमामा म्हणाला. “बायकोला सांगून येतो.”

घरी आला, तर बायको सरू म्हणाली, “अहो, पुढच्या महिन्यात आपल्याकडे सत्यनारायण आहे. पन्नास पानं तरी उठतील. तेवढी भाजी आणायची लक्षात ठेवा.”

यदूमामाला धडा ताजा होता. तो तसाच मागं फिरला आणि पुढच्या महिन्याची मेथी त्याच दिवशी घेऊन आला. मेथी, कोथिंबीर, चाकवत, सगळं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. चार दिवसांनी मेथी पिवळी पडली. आठ दिवसांनी शेजारची म्हैससुद्धा तोंड फिरवून जायला लागली.

सरूनं कपाळाला हात लावला. “अहो, भाजी कुणी महिनाभर आधी घेतं का? जरा धीर धरायचा. बाजार उठायच्या वेळेला जायचं. उरलंसुरलं असतं ते मातीमोलानं देतात, वर चार जुड्या फुकट घालतात.”

“असं होय!” यदूमामा म्हणाला. “मग आधीच सांगायचं.”

आणि तो धीर धरून बसला. कुंदाचा फोन आला, “दादा, तिकीट काढलंस का?” यदूमामा म्हणाला, “घाई करू नको. बाजार उठू दे.” कुंदाला वाटलं, दादाला तिकिटाच्या बाजारातलं काहीतरी कळायला लागलंय. तिनं अभिमानानं सासूला सांगितलं.

वाढदिवस अगदी तोंडावर आला तेव्हा यदूमामा पिशवी घेऊन मोकाशीकाकांकडे गेला.

“काका, विमान उठायची वेळ झाली. आता उरलंसुरलं काढा. खिडकीची दिली तरी चालेल, मधली दिली तरी चालेल. वर एखादी फुकट घाला.”

काकांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि चष्मा पुसला. “गाढवा, भाव तिप्पट झाला! विमान म्हणजे मेथी आहे का?”

“नाही का?”

“नाही! तुझ्या पैशात आता अर्धा रस्ताच होतो. अर्ध्या रस्त्यात समुद्र आहे.”

यदूमामा घाबरला. मांडीवरून हात फिरवत बसला. काकांना दया आली. तसे काका मनानं चांगले. फक्त सल्ला देण्याची सवय जात नव्हती.

“एक करता येईल,” ते म्हणाले. “सामान न्यायचं नाही. सामानाचे पैसे वेगळे पडतात. अंगावर जे घातलंय त्याला भाडं नाही. तेवढे वाचतील. बाकीचं मी बघतो. उद्या ये. आणि व्हिसाला फोटो लागेल, तो इथंच काढू.”

“अंगावर घातलं की भाडं नाही,” यदूमामा पुटपुटत घरी आला.

सरूनं गोधड्या धुवायला काढल्या होत्या. “अहो, एवढ्या नदीवर टाकून या. दोन खेपा कराव्या लागतील. नाहीतर नामदेवची हातगाडी घ्या, तो काय दोन रुपडे घेईल ते घेईल.”

यदूमामा मनात हसला. हातगाडी कशाला? त्यानं एक गोधडी अंगावर घातली. तिच्यावर दुसरी. मग तिसरी, चौथी, आणि पाचवी डोक्यावरून. भर दुपारी वेशीतून एक गोधड्यांचा ढीग चालत गेला. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना खिडकीपाशी बोलावून ‘अस्वल’ म्हणून दाखवला. मुलांनी वहीत चित्रही काढलं.

नदीवर पोचून यदूमामा गोधड्यांसकट पाण्यात उतरला. गोधड्यांनी पाणी पिलं आणि यदूमामा तळाला गेला. म्हशी धुणाऱ्यांनी त्याला म्हशीच्या दाव्यानं ओढून काढला.

सरू रडली, मग ओरडली. “अहो, अक्कल कुठं ठेवता? आधी अंगावरचं सगळं उतरवायचं, बाजूला ठेवायचं, मग पुढं व्हायचं!”

“आधी उतरवायचं, मग पुढं व्हायचं,” यदूमामा कुडकुडत म्हणाला. “हे काकांनी सांगितलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. पोस्टातल्या बाई भाचीच्या लग्नाची पत्रिका निवडत होत्या. काकांनी कॅमेरा लावला, मागं पांढरी चादर टांगली आणि म्हणाले, “हं यदू, हो पुढं.”

यदूमामानं सदरा उतरवला आणि बाजूला ठेवला. टोपी काढली. धोतर सोडलं, नीट घडी घातली. आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर ताठ मानेनं पुढं झाला.

पोस्टातल्या बाईंनी पत्रिका तोंडावर धरली. पण उलटी धरली होती आणि वरून बघत होत्या.

“अरे मेल्या, मस्कतला चाललायस का तालमीत?” काकांनी चादर ओढून त्याच्या अंगावर टाकली.

कसाबसा फोटो झाला. मग काकांनी दार लोटलं, आवाज बारीक केला आणि पोतडीतला शेवटचा हुकमी सल्ला बाहेर काढला.

“हे बघ. मस्कतचं तिकीट महाग आहे. पण तेच विमान मस्कतला थांबून पुढं आफ्रिकेत जातं, नैरोबीला. त्या नैरोबीचं तिकीट स्वस्त आहे.”

“लांबचं स्वस्त, जवळचं महाग?”

“हो.”

“का?”

काकांना ते ठाऊक नव्हतं. विमानवाल्यांनाही असेल असं वाटत नाही. “तू शिकलेला आहेस का?” काका म्हणाले. “नाहीस ना? मग गप बस. मोठेमोठे शिकलेले लोक असंच करतात. तिकीट लांबचं काढायचं आणि मधेच गुपचूप उतरायचं. कळलं?”

“लांबचं काढायचं, मधेच उतरायचं.”

“शाब्बास!”

काकांनी मस्कतचा व्हिसा लावला, नैरोबीचं तिकीट काढलं, शेळ्यांचे पैसे बरोब्बर पुरले. काकांना स्वतःचंच कौतुक वाटलं. त्यांनी यदूमामाला मधाची बाटलीसुद्धा विकायचा प्रयत्न केला.

विमान दोन दिवसांवर होतं. सकाळी सरूनं दुधाचा कॅन हातात दिला. “वडापच्या जीपनं तालुक्याच्या डेअरीत घालून या. आज मोठा रतीब आहे, सांडू नका.”

यदूमामा जीपमध्ये बसला. तिकीट तालुक्याचं काढलं. अर्ध्या वाटेवर फाटा आला तसा गुपचूप उतरला आणि चिंचेखाली कॅन घेऊन बसला.

ओळखीचा एकजण सायकलवरून चालला होता. “यदूमामा, इथं काय करतोयस?”

“मधेच उतरलोय.”

“का रं?”

“स्वस्त पडतं. शिकलेले लोक असंच करतात.”

त्याला वाटलं असेल काही नवीन योजना. तोही सायकल लावून सावलीला बसला.

दुपारपर्यंत दुधाचं पनीर झालं. संध्याकाळी सरूनं कॅनचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. या वेळी ती ओरडली नाही. तिनं नवऱ्याला समोर बसवलं, त्याचे दोन्ही कान धरले आणि एकेक शब्द सावकाश सांगितला.

“ऐका. एकदा गाडीत बसलात की शेवटपर्यंत हलायचं नाही. मधे गाडी थांबू दे, सगळी दुनिया उतरू दे, कुणी हाताला धरून उतर म्हणू दे. तुम्ही उतरायचं नाही. शेवटचा थांबा आला की मगच उतरायचं. म्हणा.”

“शेवटचा थांबा आला की मगच उतरायचं.”

“पुन्हा म्हणा.”

यदूमामानं पुन्हा म्हटलं. मग जेवताना म्हटलं, झोपताना म्हटलं. विमानात बसला तेव्हा पट्टा आवळतानाही म्हटलं. भाच्याचं आंगडं-टोपडं छातीशी धरलं होतं.

शेजारी मालवणचे एक गृहस्थ होते. मस्कतला हॉटेलात कामाला. यदूमामानं त्यांना भाच्याचं, जावळाचं, कुंदाच्या सासूचं सगळं सांगितलं. सासूचं ऐकून ते हळहळले. त्यांनाही सासू होती.

मस्कत आलं. विमान टेकलं. लोक उठले, पिशव्या काढायला लागले. यदूमामा बसून राहिला.

“ओ, उतरा मा,” मालवणचे गृहस्थ म्हणाले. “मस्कत इला.”

“तुम्ही व्हा पुढं.”

“अहो, भाचो हयच ना तुमचो?”

“इथंच.”

“मग उतरा!”

यदूमामा गालात हसला. सरूनं सांगितलं होतं, अगदी तस्संच घडत होतं. गृहस्थांनी त्याच्या हाताला धरलं. यदूमामानं खुर्चीला मिठी मारली. “ओढा तुम्ही. मला बायकोनं आधीच सावध केलंय.”

हवाईसुंदरी आली. तिनं तिकीट बघितलं. नैरोबीचं होतं. तिनं मालवणच्या गृहस्थांकडे रागानं बघितलं आणि म्हणाली, “त्यांना बसू द्या. त्यांचं बरोबर आहे.”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी यदूमामाचं बरोबर आहे म्हणालं होतं. त्याचा ऊर भरून आला.

इकडे मस्कतच्या विमानतळाबाहेर कुंदा पोराला कडेवर घेऊन उभी होती. शेजारी नवरा, त्याच्या शेजारी सासूबाई, त्यांच्या शेजारी त्यांचा भाऊ. भावाचं पोट इतकं पुढं होतं की मांडी म्हणून काही उरलीच नव्हती, पण सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. न्हावी घरी बसवून ठेवला होता. मस्कतला उतरणारे एकेक करत बाहेर पडले. मालवणचे गृहस्थ बाहेर आले, कुंदाकडे बघितलं, पोराच्या डोक्यावरच्या जंगलाकडे बघितलं आणि झपाझप निघून गेले.

सासूबाईंनी भावाकडे बघितलं. भावानं बूड टेकायला बाक शोधला.

सूर्य कलला तेव्हा कुंदाचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. नैरोबीच्या विमानतळावरच्या एका गुजराती शेटजींनी यदूमामाला आपला फोन दिला होता.

“कुंदे, पोचलो गं!” यदूमामा आनंदानं ओरडला. “शेवटच्या थांब्यावर उतरलोय. मधे लोकांनी लई ओढलं, पण हललो नाही.”

“दादा! अरे कुठं आहेस?”

“नैरोबीला. आणि रडतेस कशाला, मांडी शाबूत आहे. मी इथं खाली मांडी घालूनच बसलोय, आंगडं-टोपडं तयार आहे. तू फक्त पोराला घेऊन ये, न्हाव्याला घे, सासूबाईंनाही आण, त्यांना समोर बसवून जावळ काढू.” मग त्यानं फोनवर हात धरला आणि आवाज बारीक केला. “पण एक सांगतो, तिकीट नैरोबीचं काढू नकोस हां. फसशील. त्याच्याही पुढच्या गावाचं काढ.”